सहा नावांची बोट

एप्रिल 2019 मध्ये 'कर्णिका' बॅलार्ड पिअरच्या धक्क्याला लागली, तेव्हा मुंबईला तिचे मोठे अप्रूप वाटले. एस्सेल समूहाच्या पाठबळावर उभी राहिलेली जलेश क्रूझेस ही कंपनी नवी होती, बोटीचा रंग नवा होता, नावही नवे होते. बोट मात्र एकोणतीस वर्षांची होती आणि हे तिचे सहावे नाव होते.

तिचा जन्म इटलीतला, मोनफाल्कोनेच्या फिनकान्तिएरी गोदीतला. मागणी नोंदवली होती सिटमार कंपनीने, पण 1988 मध्ये सिटमारच पी अँड ओच्या ताब्यात गेली. म्हणजे प्रवासाला निघण्याआधीच या बोटीने एक मालक पाहून घेतला होता. 1990 मध्ये ती पी अँड ओच्याच प्रिन्सेस क्रूझेसची 'क्राउन प्रिन्सेस' झाली. लांबी 245 मीटर, टनभार सुमारे 70 हजार. तिच्या बाह्यरूपाला हात लागला होता रेन्झो पियानोचा, पॅरिसचे पाँपिदू केंद्र उभारणाऱ्या वास्तुकारांपैकी एकाचा. त्याने नाळेपासून वरपर्यंत डॉल्फिनच्या डोक्यासारखा सलग गोलावा घेतला आणि त्याच्या माथ्यावर काचांनी वेढलेला प्रशस्त घुमट बसवला. हे रूप सगळ्यांनाच रुचले नाही. मला ते फार देखणे वाटते. आजच्या क्रूझ बोटी खोक्यावर खोके रचल्यासारख्या दिसतात. या बोटीला चेहरा होता.

पोटातली रचनाही विचारपूर्वक केलेली होती. तिची डिझेल इंजिने थेट पंखे फिरवत नसत. ती वीज तयार करत आणि त्या विजेवर मोटारी पंखे फिरवत. त्याच विजेतून दिवे, स्वयंपाकघरे आणि वातानुकूलन चाले.

2002 मध्ये ती जर्मन प्रवाशांसाठी 'आरोसा ब्लू' झाली. पुढल्याच वर्षी पी अँड ओ प्रिन्सेस आणि कार्निव्हल या क्रूझ कंपन्या एकत्र आल्या आणि 2004 मध्ये बोट त्याच समूहातल्या आयडा कंपनीकडे जाऊन 'आयडाब्लू' झाली. नाळेवर मोठे लाल ओठ रंगवले गेले. 2007 मध्ये ब्रिटिश 'ओशन व्हिलेज टू'. हे सगळे एकाच छत्राखालचे हस्तांतर. गरज बदलली की बोट शेजारच्या ब्रँडकडे जाई. पण 'ओशन व्हिलेज'ने एक गोष्ट मागे ठेवली: उघड्या डेकवरच्या हवाई कसरती. 2009 च्या अखेरीस बोट ऑस्ट्रेलियात जाऊन 'पॅसिफिक ज्युवेल' झाली, तेव्हा तो खेळ तिथेही सुरू राहिला. मालक बदलले तरी आधीच्याची एखादी खूण बोटीत अशी उरतेच.

सिडनीकरांनी तिच्यावर नऊ वर्षे प्रेम केले. मग ती आपल्याकडे आली. मुंबई–गोवा, मुंबई–दीव, दुबई अशा फेऱ्या ठरल्या, जैन जेवणाची सोय झाली. कोकणबोटीच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या घरांतली माणसे पुन्हा समुद्रमार्गे गोव्याला जाऊ लागली. याचे मला मनापासून कौतुक वाटत होते. या किनाऱ्याला अशी बोट हवीच होती.

मार्च 2020 मध्ये कोरोनाने फेऱ्या थांबल्या. उभ्या बोटीचाही खर्च थांबत नाही. इंधन, विमा, बंदराचे शुल्क, खलाशांचे पगार चालूच राहतात. नव्या कंपनीकडे तेवढी गंगाजळी नव्हती. सागरी कायद्यात थकलेल्या पैशांसाठी थेट बोटीवरच दावा लावता येतो आणि न्यायालय बोटीला 'अटक' करू शकते. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने 'कर्णिका' विकली गेली, तीही भंगारात. नोव्हेंबर 2020 च्या अखेरीस ती अलंगला पोचली. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक प्रचंड. मोठ्या उधाणाच्या भरतीला बोट वेगाने किनाऱ्यावर चढवतात आणि पाणी ओसरले की गॅस कटरने कापायला घेतात.

बोट म्हातारी होती म्हणून मोडली, असे म्हणायला मी तयार नाही. तिच्या पाठोपाठ त्याच गोदीत बांधलेली जुळी बहीण, 1991 ची 'रीगल प्रिन्सेस', पुढे 'पॅसिफिक डॉन' झाली. 2020 मध्ये तिलाही नव्याच मालकांनी घेतले. पनामाजवळ तिचे तरंगते वसतिस्थान करून नाव 'सातोशी' ठेवायचे, असा बेत होता. विमा मिळेना आणि बेत बारगळला. पण तिला वेळेवर दुसरे गिऱ्हाईक भेटले. एप्रिल 2022 मध्ये तीच बोट 'अँबिअन्स' या नावाने लंडनजवळच्या टिलबरी बंदरातून प्रवासी घेऊन निघाली, तेव्हा तीही तिशी ओलांडलेलीच होती.