म्हातारपणी मलाशयाचा कर्करोग : वय झाले म्हणून उपचार टाळू नका



शौचावाटे रक्त पडले की आपल्याकडची म्हातारी माणसे "मूळव्याध असेल" म्हणून गप्प बसतात. कोणी लाजेने सांगत नाही, कोणी मुलांना खर्च नको म्हणून. पुष्कळदा ती मूळव्याधच असते. पण कधी कधी तो मलाशयाचा, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाचा कर्करोग असतो. शौचाची सवय बदलणे, पोट साफ न झाल्यासारखे वाटणे, वजन उतरणे, अशक्तपणा येणे ही त्याची इतर लक्षणे. डॉक्टरांना बोटाने तपासूनही पुष्कळ वेळा गाठ कळते. पुढे दुर्बिणीने पाहून तुकडा तपासतात.

"या वयात पोट फाडून घ्यायचे कशाला?" असे घरोघर म्हणतात. पण आता सर्व रोग्यांचे पोट फाडावे लागत नाही. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९९० साली दुर्बिणीतून पित्ताशय काढले. भारतातील ती अशी पहिली शस्त्रक्रिया. आज मोठ्या रुग्णालयांत मलाशयाची गाठही लहान छिद्रांतून काढतात. दुखणे कमी होते आणि म्हातारा माणूस लवकर उठून चालू लागतो.

यातली एक नवी काळजी बागायतदाराला लगेच समजेल. पाटाचे पाणी तोंडाशीच अडवले तर वरच्या फाट्यावरची झाडेही सुकतात. फाट्याच्या खाली अडवले तर ती जगतात. आतड्याच्या या भागाला रक्त नेणारी मुख्य धमनी अशीच आहे. ती मुळाशी बांधली तर डावीकडे जाणारी शाखाही बंद पडते, आणि जोडलेल्या आतड्याला कडेच्या बारीक वाहिनीवर भागवावे लागते. म्हाताऱ्यांच्या धमन्या कडक व अरुंद झालेल्या असतात. रक्त कमी पडले तर जोड गळण्याचे भय असते, आणि त्यातून जिवावर बेतते. म्हणून काही सर्जन मुळाजवळच्या गाठी साफ करतात, पण ही शाखा राखून तिच्या खाली धमनी बांधतात. पुष्कळ अभ्यासांत अशाने गळती कमी आढळली, सर्वच अभ्यासांत नाही. आयुष्यमानात मात्र फारसा फरक दिसलेला नाही.

ही पद्धत प्रत्येकाला लागू पडेलच असे नाही. काहींना आधी किरणोपचार व औषधे द्यावी लागतात. काहींना पोटावर शौचाची वाट काही महिने, तर काहींना कायमची ठेवावी लागते. डॉक्टरांना निःसंकोच विचारा : दुर्बिणीतून होईल काय? शाखा राखता येईल काय? हृदय, साखर, रक्त आधी तपासले काय?

दिग्गीहून मोठे रुग्णालय दूर आहे, म्हणून उशीर करू नका. आधी जवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवून चिठ्ठी घ्या. बी.पी.एल. रेशनकार्ड व आधारकार्ड बरोबर ठेवा, आणि आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेबद्दल तेथेच विचारा.

आजाऱ्याने देवाची प्रार्थना करावी आणि वैद्यालाही बोलवावे, ही शिकवण जुन्या करारातच आहे. घरातील वडीलधाऱ्यांना या आठवड्यात मायेने एवढे विचारा : रक्त तर पडत नाही ना?