दोन आसनांची ऐट

काशीत मंगला गौरीच्या परिसरात मोटार पोहोचत नाही. विश्वेश्वरगंजच्या रस्त्यावर वाहन सोडावे, काळभैरवाचे देऊळ मागे टाकावे, आणि समोरून कोणी आले तर दोघांपैकी एकाला भिंतीशी अंग चोरून उभे राहावे लागते अशा फरसबंद गल्ल्यांतून, वाड्यांच्या गार सावलीतून, पंचगंगेच्या पायऱ्यांकडे उतरत यावे, हा येथील शिरस्ता पेशवाईपासून चालत आलेला आहे. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा या पट्ट्यात तेव्हापासून दक्षिणी कुटुंबे नांदत आली. अहल्याबाई होळकरांनी उभारलेला दगडी दीपस्तंभ कार्तिकात आजही उजळतो. आणि येथल्याच बाळाजीच्या देवळात बिस्मिल्ला खाँसाहेबांनी आपल्या मामांच्या सान्निध्यात शहनाईचा रियाज केला. अशा वस्तीत वाढलेल्या माणसाच्या दृष्टीला एक सवय जडते. कोणत्याही वस्तूचे माप तो मनुष्याच्या देहावरून घेऊ लागतो. गल्लीची रुंदी दोन खांद्यांची, पायरीची उंची एका पावलाची, कोनाड्याची उंची हात सहज पोहोचेल एवढी. जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स मोटारींविषयी माझे जे मत बनले आहे त्याच्या मुळाशी हीच सवय आहे.

गेल्या हिवाळ्यात पुण्याहून आलेल्या भाच्याला घेऊन मी गंगेपलीकडे रामनगरला गेलो होतो. काशीनरेशांच्या किल्ल्यातील संग्रहालयात पालख्या आहेत, हौदे आहेत, हस्तिदंती कामाच्या वस्तू आणि शस्त्रे आहेत, प्रसिद्ध खगोलीय घड्याळ आहे, आणि त्याच मालिकेत जुन्या, प्रशस्त अमेरिकन मोटारीही उभ्या आहेत. त्यांच्यासमोर बराच वेळ उभा राहून भाच्याने विचारले, “मामा, या भारदस्त आहेत, कबूल. पण ते दोन सीटांचे जुने इंग्लिश मॉडेल, एमजी, जॅग्वार वगैरे, ते यांच्यापेक्षा जास्त कूल नव्हते का हो?”

हा ‘कूल’ शब्द तरुणांच्या तोंडी इतका रुळला आहे की त्याचा अर्थ विचारणे त्यांना चमत्कारिक वाटते. परंतु आपल्या भाषेने या एका शब्दाच्या जागी कितीतरी सूक्ष्म भेद फार पूर्वी करून ठेवले आहेत. थाटाला लवाजमा लागतो. रुबाबाला निदान समोर दबून उभे राहणारे कोणीतरी लागते. ऐट मात्र माणूस एकटा असतानाही त्याच्या चालण्यात, पागोट्याच्या एका पेचात, खांद्यावरच्या उपरण्यात दिसते; तिला ना नोकर लागतो ना प्रेक्षक. रामनगरच्या त्या मोटारी पालखीच्या थेट वंशातल्या आहेत: धनी मागे बसतो, वाहून नेण्याचे काम दुसरा करतो, आणि वाहनाच्या लांबीरुंदीवरून आतल्या माणसाचा दर्जा रस्त्यावरच्यांना कळतो. दोन आसनांच्या ब्रिटिश मोटारीत हा संबंधच उरत नाही, कारण तीत शोफरला जागा नाही. जो मालक तोच सारथी. त्याच्याशेजारी फार तर एक सोबती. आणि दोघेही इतके खाली बसलेले की दारावरून हात लांबवला तर बोटे रस्त्याला टेकावीत. म्हणून मी भाच्याला सांगितले, की होय, त्या मोटारींत तू म्हणतोस ती गोष्ट आहे, आणि ती ऐट आहे, रुबाब नव्हे.

ही ऐट कोणा चित्रकाराच्या लहरीतून निर्माण झाली नाही. तिची पाळेमुळे बऱ्याच अंशी सरकारी दफ्तरात सापडतात. इंग्लंडात १९२१ पासून मोटारीवरील कर अश्वशक्तीच्या एका ठरीव सूत्राने आकारला जाई, आणि त्या सूत्रात इंजिनाच्या नळकांड्यांचा व्यास व त्यांची संख्या एवढेच मोजले जाई. दट्ट्या किती लांब धावतो याची दखल करआकारणीत नव्हती. साहजिकच कारखानदारांनी अरुंद व्यासाची, लांब धावेची, आकाराने लहान इंजिने घडविली, आणि लहान इंजिनाकडून वेग मिळवावयाचा तर गाडीचे वजन उतरविणे क्रमप्राप्त झाले. मॉरिस गॅरेजेस या ऑक्सफर्डच्या पेढीचा व्यवस्थापक सेसिल किंबर याने १९२० नंतरच्या दशकात साध्या मॉरिस मोटारींच्या चेसिसवर हलक्या, देखण्या बॉडी चढवून विकण्याचा उपक्रम आरंभिला, त्यातूनच एमजी हे नाव रूढ झाले, आणि १९२९ मध्ये अ‍ॅबिंग्डन या लहानशा गावी तिचा कारखाना स्थिरावला. सामान्य माणसाच्या मोटारीचे यंत्र घ्यावयाचे आणि त्याला वेगळा देह द्यावयाचा, ही किंबरची युक्ती पुढे पन्नास वर्षे त्या देशाच्या कामी आली. स्वतः किंबरला मात्र १९४१ मध्ये त्या कारखान्यातून बाहेर पडावे लागले, आणि फेब्रुवारी १९४५ मध्ये लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकातील रेल्वे अपघातात त्याचा अंत झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस जी एमजी टीसी बाहेर पडली आणि जिने जगभर या मोटारींचे वेड पसरविले, ती पाहणे त्याच्या नशिबी नव्हते; या व्यवसायाच्या इतिहासातील ही गोष्ट मला नेहमी चटका लावते.

टीसीचे इंजिन अवघे १२५० सीसीचे आणि ५४ अश्वशक्तीचे. सांगाडा अ‍ॅश नावाच्या लवचीक लाकडाचा, त्यावर पत्रा चढविलेला, चाके तारांच्या आऱ्यांची, समोरची काच आडवी पाडता येणारी, टप कापडाचा. युद्धाने कर्जबाजारी झालेल्या ब्रिटनमध्ये पोलादाचा कोटा निर्यात करणाऱ्या कारखान्यांना प्राधान्याने मिळत असे, म्हणून या मोटारी परदेशी धाडणे हा तगून राहण्याचा मार्ग होता. उजव्या हाताला स्टिअरिंग असलेली ही गाडी, तसा बदल न करताच, अमेरिकेत सुमारे दोन हजारांच्या संख्येने गेली, आणि इंग्लंडात तळ ठोकून परतलेल्या सैनिकांनी तेथे तिचा लौकिक वाढविला. जेथे मोटार म्हणजे दिवाणखाना अशी समजूत होती त्या देशात लोकांनी ही गार वाऱ्याची, उडत्या धुळीची, गुडघे आखडून बसावयाची गाडी आवडीने घेतली, याचे कारण माझ्या मते एवढेच, की तीत बसल्यावर आपण हाकीत आहोत याचा अनुभव त्यांना प्रथमच आला. जमिनीलगत बसलेल्या माणसाला ताशी साठ किलोमीटरचा वेगही वादळासारखा भासतो. स्टिअरिंगमधून रस्त्याचा प्रत्येक खडा तळहाताला कळतो. गिअर बदलताना इंजिनाचा स्वर कानाने जुळवून घ्यावा लागतो. वेग आणि वेगाची प्रचीती या दोन भिन्न वस्तू आहेत, आणि या मोटारींनी दुसरीची उपासना केली.

आता ज्या गोष्टीने भाचा खरोखर चकित झाला ती सांगतो. १९५५ मध्ये अ‍ॅबिंग्डनहून एमजीए ही मोटार निघाली. मडगार्डापासून शेपटीपर्यंत एकाच रेषेत वाहत गेलेला तिचा देह मला या साऱ्या वंशावळीत सर्वांत प्रमाणबद्ध वाटतो. एक लाखाहून अधिक एमजीए बनल्या आणि बहुतेक साऱ्या परदेशी गेल्या. तिच्या बॉनेटखाली ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे ‘बी’ मालिकेतील १४८९ सीसीचे इंजिन होते. त्याच मालिकेतले, तितक्याच सीसीचे इंजिन १९५९ पासून कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्यात बनणाऱ्या हिंदुस्तान अ‍ॅम्बॅसडरमध्ये बसू लागले, कारण अ‍ॅम्बॅसडर ही मूळची मॉरिस ऑक्सफर्ड, आणि मॉरिस व एमजी या एकाच घरच्या लेकी. ज्या गाडीतून आपले मंत्री हिंडले, ज्या टॅक्सीतून यात्रेकरू स्टेशनावरून मैदागिनपर्यंत आले, वळकट्या टपावर बांधून जिच्यातून आपली वऱ्हाडे गेली, तिच्या छातीत एमजीएचेच हृदय धडधडत होते. भेद होता तो पोसण्याचा. अ‍ॅम्बॅसडरला एकच कार्ब्युरेटर, एमजीएला एसयू जातीचे दोन. या कार्ब्युरेटरातला दट्ट्या इंजिनाच्या ओढीप्रमाणे आपणहून वर-खाली होतो आणि हवेची वाट लहान-मोठी करतो, त्याच्या टोकाची निमुळती सुई पेट्रोलचे माप राखते, आणि माथ्यावरच्या नळीत थोडे तेल घातले म्हणजे त्याची हालचाल संथ राहते. इतकी सरळ युक्ती, की समंजस मिस्त्री कानाने ऐकून दोहोंचा मेळ बसवितो. या फरकामुळे, आणि काही अन्य सुधारणांमुळे, एका भावंडाला साधारण पंचावन्न अश्वशक्ती मिळाली आणि दुसऱ्याला सत्तरच्या आसपास. शिवाय एमजीएचे वजन सुमारे नऊशे किलो, अ‍ॅम्बॅसडरचे त्याहून कितीतरी अधिक.

जॅग्वारची गोष्ट निराळी. तिथे सामान्य यंत्र नव्हते. १९४८ च्या लंडनच्या प्रदर्शनात विल्यम लायन्स याने एक्सके १२० मांडली आणि पुढच्याच वर्षी बेल्जियममधील याबेके येथे तिने ताशी १३२ मैलांचा टप्पा ओलांडला. मार्च १९६१ मध्ये जिनिव्हात ई-टाईप आली. तिच्या वक्ररेषा काढणारा माल्कम सेअर हा विमानाच्या कारखान्यातून आलेला, वायुगतिकीचा अभ्यासक. वक्रता तो गणिताने सिद्ध करी. किंमत दोन हजार पौंडांच्या किंचित वर, म्हणजे तिच्या तोडीच्या इटालियन मोटारींपेक्षा पुष्कळच कमी. १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने ई-टाईप आपल्या कायम संग्रहात दाखल केली. ती सुंदर आहे यात संशय नाही. तरीही तिच्या लांबलचक नाकात रुबाबाचा थोडा अंश शिरलाच आहे, आणि मला निवड करावयास सांगितली तर मी एमजीएकडेच जाईन.

दोषांविषयी मौन बाळगणे अप्रामाणिकपणाचे होईल. या मोटारी तेल गाळतात. त्यांचा पत्रा गंजतो, त्यांची वायरिंग ओलाव्याला घाबरते. काही वर्षांपूर्वी एका परिचितांच्या अशाच दोन आसनी मोटारीतून भर श्रावणात कात्रजचा घाट उतरताना वायपर थांबला, टपाच्या शिवणीतून पाणी मांडीवर येऊ लागले, आणि आम्ही दोघे एका वडाखाली अर्धा तास उभे राहिलो. परंतु त्या अर्ध्या तासात त्या गृहस्थांनी फ्यूज काढून, पुसून, पुन्हा बसवून गाडी चालू केली, आणि हे सारे त्यांनी खिशातल्या रुमालाने केले. आजच्या मोटारीत बिघाड झाला तर बॉनेट उघडून काळ्या प्लॅस्टिकच्या झाकणाकडे पाहत उभे राहण्याखेरीज मालकाच्या हाती काही उरत नाही. जी वस्तू आपल्याला कळते आणि जिची शुश्रूषा आपल्याला करता येते तिच्याशी जडलेले नाते वेगळेच असते.

आपल्याकडे या मोटारी विरळाच, आणि त्याला सबळ कारण आहे. १९५३ च्या सुमारास सरकारने देशी उत्पादनाची तजवीज नसलेल्या जुळणीच्या कारखान्यांना वाव ठेवला नाही, जनरल मोटर्सने मुंबईतील शिवडीचा कारखाना गुंडाळला, आणि तयार मोटारीच्या आयातीचा परवाना मिळविणे सामान्यांच्या आवाक्याबाहेर गेले. ट्रायम्फ घराण्याची हेराल्ड तेवढी १९६१ पासून मद्रासला ‘स्टँडर्ड हेराल्ड’ म्हणून बनली. मिकेलोत्ती या इटालियनाने रेखाटलेली ती छोटेखानी गाडी ज्या चेसिसवर उभी होती, तिचेच आखूड रूप इंग्लंडात स्पिटफायर या स्पोर्ट्स मोटारीला मिळाले. उरल्या त्या संस्थानिकांच्या आणि हौशी धनिकांच्या जुन्या गाड्या, ज्या दिल्लीच्या स्टेट्समन रॅलीत १९६४ पासून रस्त्यावर येत आल्या. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरील मोटारींना ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र नोंदणी दिली, हे उचित झाले; मात्र त्याच नियमांनी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणे अशा कामांपुरतीच त्यांना रस्त्यावर येण्याची मुभा ठेवली आहे. मला ही मुभा अपुरी वाटते. उभ्या मोटारीतले पेट्रोल चिकट होते, रबर सुकते, ब्रेक धरून बसतात. तिला नित्य हिंडविणे हीच तिची जोपासना आहे.

मूळ देशात ही परंपरा ऑक्टोबर १९८० मध्ये अ‍ॅबिंग्डनच्या दारांबरोबर बंद झाली. अमेरिकेच्या सुरक्षेच्या नियमांपायी एमजीएची वारसदार एमजीबी हिला काळे रबरी बंपर लावून, तिची उंची वाढवून तिचा डौल आधीच घालविला होता. १९८९ मध्ये जपानच्या माझ्दाने त्याच साच्याची छोटी मोटार काढून दाखविली, आणि तिचे दहा लाखांहून अधिक नग खपले. जॅग्वार २००८ पासून टाटांची, म्हणजे मुंबईच्या पेढीची आहे. एमजी हे नाव चिनी मालकाकडे गेले आणि गुजरातेतील हालोलमध्ये बनणाऱ्या उंच, प्रशस्त गाड्यांवर झळकते. त्या गाड्या उपयुक्त असतील. किंबरच्या त्या चिमुकल्या मोटारीशी त्यांचा संबंध नावापुरता आहे.

रामनगरहून परतताना विश्वेश्वरगंजच्या एका गॅरेजापाशी पेट्रोलवरची जुनी, रंग उडालेली अ‍ॅम्बॅसडर उभी होती. मिस्त्रींची परवानगी घेऊन मी बॉनेट उघडले आणि भाच्याला ते इंजिन दाखविले. तो वाकून बराच वेळ पाहत राहिला, मग म्हणाला, “मामा, ते दोन कार्ब्युरेटर कुठे बसत असतील?” मी बोटाने जागा दाखविली, आणि मिस्त्रींनी पुढे होऊन, हातातल्या पान्याने, माझी चूक सुधारून नेमकी जागा दाखविली.