काढा की बाटली? आधी श्वास मोजा



गारठा सुरू झाला की घराघरांत लेकरं खोकायला लागतात. सासूबाई म्हणतात, अडुळशाचा काढा दे. शेजारीण म्हणते, मेडिकलमधून बाटली आण. आईनं ऐकावं तरी कोणाचं? आज आपण यावरच बोलू या.

लहान मुलांचा बहुतेक खोकला साध्या सर्दीचा असतो. दोन-तीन आठवड्यांत तो आपोआप जातो. तोवर घशाला आराम मिळावा म्हणून कोमट पाणी द्या, वर्षावरच्या मुलाला अर्धा चमचा मध द्या. तान्ह्या बाळाला वरचेवर अंगावर पाजा. पण वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटसुद्धा चाटवू नका. मधातल्या जंतूंनी बाळ लुळं पडू शकतं. धुरी नको, नाकात तेल नको, कापूर पोटात जाऊ देऊ नका.

आणि बाटली? २०२५ साली मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे खोकल्याचं औषध पिऊन २० हून अधिक मुलं दगावली. त्या औषधात डायइथिलिन ग्लायकॉल हे विष निघालं. मुलांची मूत्रपिंडं निकामी झाली. केंद्राच्या आरोग्य खात्याचं सांगणं आहे, की २ वर्षांखालच्या मुलांना खोकल्या-सर्दीची औषधं देऊ नयेत, ५ वर्षांखालच्यांनाही शक्यतो नकोत.

न्यूमोनिया असेल तर मात्र काढाही पुरत नाही आणि बाटलीही. तो ओळखायचा कसा? मूल शांत असताना झबलं वर करा. घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. २ महिन्यांखालच्या बाळाचे ६० किंवा जास्त, २ महिने ते वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त भरले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. श्वास घेताना छाती खालून आत ओढली जात असेल, मूल दूध पीत नसेल, ओठ निळसर झाले असतील किंवा झटके येत असतील, तर लगेच १०८ ला फोन लावा.

काढा दिला म्हणून कोणी चुकत नाही. पण त्याचा गुण येईल म्हणून वाट पाहत रात्र घालवू नका. गटाच्या पुढच्या बैठकीत आशाताईंना बोलवा. एखादं लेकरू मांडीवर घेऊन आपण सगळ्याजणी श्वास मोजायला शिकू या.