लांबचा ढोल

टपरीतला फ्रीज बंद करायचा होता आणि टपरीवाला तयार नव्हता. आत दूध होतं, थंड्याच्या बाटल्या होत्या. "भाऊ, दोन तास फक्त. दार उघडू नका, काही नासत नाही," साऊंडवाल्या ताईंनी त्याची समजूत घातली आणि जाताजाता आमच्या जीपची किल्ली त्याच फ्रीजमध्ये ठेवून दिली. मला वाटलं, थट्टा चाललीय. ताई म्हणाल्या, "शूटिंग संपल्यावर फ्रीज चालू करायला सगळे विसरतात. आता किल्ली घ्यायला कुणाला तरी फ्रीज उघडावाच लागेल." ही साऊंडवाल्यांची जुनी युक्ती, असं नंतर कळलं.

तोरणमाळला मी आलो होतो ते संवाद लिहिणाऱ्या मित्राच्या मागे, थोडी हवा खायला. शहाद्याहून म्हसावद, राणीपूर, मग सातपायरीची वळणं चढत साडेअकराशे मीटरच्या आसपास पोचलो, तेव्हा पौषातली थंडी कानात शिरत होती. युनिट अकरा जणांचं. त्यातला बूम धरणारा मुलगा पहिल्याच रात्री तापाने फणफणला आणि सकाळी ताईंनी माझ्या हातात तो लांब दांडा दिला. "लिहिणारे आहात ना? मग दोन तास न हलता उभं राहण्याची सवय असेलच." लिहिणारे बसून लिहितात, हे सांगायचं राहून गेलं.

दांड्याच्या टोकाला माइक, माइकवर वाऱ्यासाठी केसाळ टोपी. आजूबाजूच्या पोरांनी पाहताक्षणी तिला कोल्ह्याची शेपूट म्हटलं आणि पुढचे चार दिवस तेच नाव राहिलं.

सिनेमा छोटा. पैसे इतके कमी की गाण्यासाठी स्टुडिओ, वादक, मग सेटवर ते गाणं लावून नटांनी ओठ हलवायचे, हा नेहमीचा मार्ग परवडत नव्हता. दिग्दर्शक मात्र हे 'कलात्मक निर्णय' म्हणून सांगायचा. दोन्ही खरं असावं. तीन गाणी होती, तिन्ही कॅमेऱ्यासमोर गायची आणि तिथेच रेकॉर्ड करायची. नायिका शहाद्याकडची, हौशी रंगभूमीवरची. गळा बरा, शिकलेला नाही. बाकी गाणाऱ्या बाया आणि ढोलवाले आसपासच्या पाड्यांवरचे. गाणं नवं होतं, पण चाल त्यांनीच बसवली होती. कामाआधी पैसे ठरले, नामावलीत कुणाचं नाव कसं जाईल तेही ठरलं. एवढ्यासाठी दिग्दर्शकाला शंभर गुन्हे माफ. 'लोकगीत' म्हटलं की ते कुणाचंच नाही असं समजून उचलणारे मी पुष्कळ पाहिलेत.

खरं तर आपला बोलपट असाच जन्मला. १९३१ च्या 'आलम आरा'त आवाज आणि चित्र एकाच फिल्मवर, एकाच वेळी उमटायचं. वादक चौकटीबाहेर, कुठे आडोशाला दडवलेले, नट गाता गाता अभिनय करतोय. स्टुडिओजवळून रेल्वे जायची म्हणून बरंचसं काम मध्यरात्रीनंतर, गाड्या थांबल्या की चालायचं. पुढच्याच वर्षी 'प्रभात'चा 'अयोध्येचा राजा' आला. त्यात हरिश्चंद्र झालेले गोविंदराव टेंबेच संगीतकार आणि तारामती झालेल्या दुर्गाबाई खोटे स्वतः गाणाऱ्या. ज्याला गाता येत नाही त्याला नायक होणं अवघड, असे ते दिवस. मग १९३५ मध्ये कोलकात्याच्या न्यू थिएटर्समध्ये नितीन बोस यांच्या 'भाग्यचक्र' आणि 'धूप छाँव'पासून पार्श्वगायन रुळलं. गळा एकाचा, चेहरा दुसऱ्याचा. त्यातून लता मंगेशकर मिळाल्या, तेव्हा तक्रारीला जागा नाही. पण जुना पेच मधूनमधून उगवतो. चैतन्य ताम्हाणे यांनी 'द डिसायपल' करताना मुख्य भूमिकेत आदित्य मोडक हा शास्त्रीय गायकच घेतला. गायकाला अभिनय शिकवायचा की नटाला गाणं, यातलं कुठलं कमी वाईट, एवढंच ठरवायचं असतं.

पहिलं गाणं सीताखाईच्या कडेवर ठरलं होतं. दिसायला ते लाजवाब झालं असतं. दरीतून वर येणारा वारा केसाळ टोपीलाही जुमानेना. हेडफोनमध्ये कुणी ताडपत्री झटकतंय असा आवाज. ताईंनी खालचे सूर कापून पाहिले, तर नायिकेचा आवाजही पत्र्यासारखा झाला. तासाभराने सगळं गुंडाळलं. त्यावर अधिक लिहिण्यासारखं काही नाही.

दुसरं गाणं जात्यावरचं. एका पावरा कुटुंबाचं घर मिळालं होतं. कुडाच्या, शेणामातीने लिंपलेल्या भिंती, वर कौलं. ताईंनी आत शिरून एकदा टाळी वाजवली आणि खूश झाल्या. सिमेंटच्या खोलीत टाळी भिंतींवर आपटून परत येते, आवाज बादलीत बोलल्यासारखा होतो. इथे माती आणि कूड टाळी पिऊन टाकत होते. पुण्यातले लोक यासाठी हजारो रुपयांचा फोम चिकटवतात.

नायिका जात्यावर बसली, खुंटा फिरवला आणि दगडाने असा करकराट केला की दिग्दर्शकाने कान झाकले. घराची मालकीण दारात उभी होती. ती तरातरा आत आली. "रिकामं जातं फिरवतेस? दगडाला दगड खातो." आमच्या सामानाच्या यादीत जातं होतं, दळायला धान्य नव्हतं. तिने घरातला मका आणून मूठभर वैरण घातली आणि आवाजच बदलला. करकर जाऊन एक जाड, खालची घरघर उरली. तिच्यावर बाईचा आवाज सहज तरंगू लागला. अकरा शहाण्यांना न सुचलेलं साऊंड मिक्सिंग त्या बाईने मुठीने केलं.

शूटिंगच्या आधी हेच गाणं शहाद्यात एका खोलीत, दारंखिडक्यांना गाद्या लावून कच्चं रेकॉर्ड केलं होतं, चाल लक्षात राहावी म्हणून. ते आणि हे मी दोन्ही ऐकलंय. खोलीतल्या गाण्यात श्वास ओळ संपली की येतो. जात्यावर तो खुंटा ठरवतो. खुंटा अंगाकडे येताना शब्द, लांब जाताना दम. कधी शब्दाच्या मधोमध तुटतं, पुढचं अक्षर अर्ध्या फेऱ्याने येतं. तिसऱ्या कडव्यापर्यंत नायिकेचा खांदा भरून आला होता आणि आवाजाला एक कड आली होती. दिग्दर्शक म्हणाला, "स्वच्छ नाही आलं, ताई, परत घेऊ." ताईंनी हेडफोनही काढला नाही. "स्वच्छ शहाद्याला ठेवलंय. इथे हे घ्यायला आलोय."

त्यानंतर सगळ्यांना जागच्या जागी थिजवून त्यांनी मिनिटभर नुसती खोली रेकॉर्ड केली. त्या मिनिटात एक कोंबडा, चुलीतलं लाकूड आणि माझं पोट बोललं. माझ्या पोटासाठी पुन्हा एक मिनिट घ्यावं लागलं.

खरी परीक्षा तिसऱ्या गाण्याची. रात्र, शेकोटी, फेर धरून नाचणाऱ्या बायापुरुषांमध्ये नायिका गाते. दोन ढोल, एक बासरी, पायांत घुंगरू, अंगावर चांदी. कॅमेरा एकच, त्यामुळे तीन मिनिटांचं गाणं चार बाजूंनी चारदा घ्यायचं. जनरेटरची धडधड नको म्हणून दिवे बॅटरीवर आणि शेकोटीवर. फ्रीज याच रात्री बंद केला होता.

नायिकेचा छोटा माइक कुठे लपवायचा, यावर अर्धा तास गेला. छातीजवळ लावला तर चांदीचे दागिने त्यावर घासायचे. शेवटी तो केसांत, कपाळाच्या वर रोवला. ढोलाला मात्र माइक जवळ चालत नव्हता. ताईंचा रेकॉर्डर नव्या पद्धतीचा होता, आवाज कितीही मोठा आला तरी आकड्यांत फाटत नाही असा. पण माइकचा पडदाच घाबरला तर यंत्र काय करणार? म्हणून दोन माइक सहा मीटरवर, जमिनीवर घोंगडीत. आवाजाला एक मीटर यायला साधारण तीन मिलिसेकंद लागतात, म्हणजे ढोलाची तीच थाप केसांतल्या माइकमध्ये आधी आणि घोंगडीत कणभर उशिरा पोचणार. दोन्ही तशीच एकत्र केली की ढोल पोकळ वाजतो. ताई वहीत अंतरं लिहून ठेवत होत्या. नंतर संगणकावर एकेक पट्टी सरकवून त्या थापा जुळवायच्या.

पण मिलिसेकंदांपेक्षा मोठं संकट पायांचं होतं. पहिल्या खेपेला गाणं रमतगमत चाललं. दुसऱ्याला अंग तापलं. चौथ्याला ते इतकं पळायला लागलं की पहिल्या खेपेचं चित्र चौथ्याला जोडायचं तर एकाच बाईचा एकच पाय एकाच वेळी वर आणि खाली दिसला असता. बायांचा सूरही चढला होता. नायिकेला फोनवरचा तानपुरा ऐकवून उपयोग नव्हता, कारण बाकी कुणी तानपुऱ्याला मानत नव्हतं. त्यात दव पडायला लागलं, ढोलाचं कातडं सैल झालं, सूर उतरला. वादक उठून शेकोटीजवळ ढोल धरायचे, थापेने तपासायचे, पुन्हा धरायचे. चढणारा गळा आणि उतरणारा ढोल यांच्या मधे बूम घेऊन मी.

दिग्दर्शकाने उपाय काढला. पहिली खेप पक्की धरायची आणि तिचा ढोल मुख्य ढोलवाल्या बाबांच्या कानात वाजवायचा. त्या ठोक्यावर ते वाजवतील, बाकीचे त्यांच्या मागे. बाबांनी कानातलं यंत्र निमूट घातलं. कानात मघाचा ढोल, हातात आत्ताचा. दहा ठोक्यांत दोन्ही एकमेकांत अडकले. बाबांनी ते काढून ताईंच्या तळहातावर ठेवलं. "आत एक माणूस बसलाय. तो माझ्याकडे बघत नाही."

मग त्यांनी स्वतःची रीत सांगितली. आधी गाणं नको, नुसते पाय. आठ फेरे होऊ देत. पाय बसले की गाणं उचला. कॅमेऱ्याच्या हिशेबात हा वेळेचा नास होता, पण पर्याय काय? आठ फेरे झाले, बाबांनी मान हलवली, नायिकेने गाणं उचललं. चाल सुरू असताना मधे टाळीची पाटी कशी वाजवणार? ती शेवटी, उलटी धरून वाजवली. प्रत्येक खेपेआधी असेच आठ फेरे, मधे ढोल शेकणं. काटेकोर सारखं झालं नाही, पण जोडता येईल इतकं आलं. पहिल्या रीतीच्या चार खेपा ताईंनी पुसल्या नाहीत. "त्यांतल्या एकीत बायांचं हसू आहे, ते कुठे तरी लागेल."

दीड वाजता माझे दंड थरथरत होते. हेडफोनमध्ये फटाफट आवाज येतोय म्हणून ताईंनी शोध घेतला, तर तो माझ्या अंगठ्याचा होता, दांड्यावर हलणारा. थकलेला माणूस आधी त्याला स्वतःला कळत नाही, माइकला कळतो.

काम आटोपल्यावर ताईंनी बाबांना शेकोटीजवळ बसवलं आणि शेवटची खेप ऐकवायला हेडफोन दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरला. डोळे मिटले. एक कडवं, दुसरं. बायांच्या आवाजावर त्यांची मान हलली. मग कपाळाला आठी पडली.

"हा लांबचा ढोल आहे," ते म्हणाले.

ताईंनी समजावलं, माइक सहा मीटरवर होता, जवळ ठेवला असता तर फाटला असता. बाबांनी ऐकून घेतलं. हेडफोन काढला, बाजूचा ढोल ओढून मांडीवर घेतला आणि ताईंना खुणेने जवळ बोलावलं. "हात ठेव. इथं नाही, पोटाला लाव." ताई गुडघ्यांवर बसल्या आणि ढोलाच्या कडेला टेकल्या. बाबांनी हलकेच एक थाप मारली, मग दुसरी.

पलीकडे टपरीवाला जीपची किल्ली हातात घेऊन आमची वाट बघत उभा होता.