मेंदूतील डोपामिनचे पोटात काय काम?

नवी दिल्ली – डोपामिन म्हटले की आनंद, व्यसन, मेंदू हेच शब्द आठवतात. प्रत्यक्षात शरीरात तयार होणाऱ्या डोपामिनपैकी जवळपास निम्मे पचनसंस्था आणि तिच्या लगतच्या अवयवांत तयार होते.

या रसायनाची ओळख पटवणाऱ्या संशोधनाचा एक धागा दिल्लीच्या करोल बागपर्यंत पोहोचतो. हकीम अजमल खान यांच्या तेथील तिब्बिया महाविद्यालयाचे उद्घाटन १९२१ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते झाले. याच संस्थेत सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी १९३१ मध्ये सर्पगंधेच्या मुळांतून अजमलिन वेगळे केले. हे नाव हकीमसाहेबांच्या स्मरणार्थ. त्याच मुळांतील रेसरपिन १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये हाती लागले. पुढे १९५७ मध्ये स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी रेसरपिनमुळे निपचित पडलेल्या सशांना एल-डोपा दिले, तेव्हा ते पुन्हा हालचाल करू लागले. एल-डोपापासून शरीरात डोपामिन तयार होते. या संशोधनासाठी कार्लसन २००० च्या नोबेलचे एक मानकरी ठरले.

रेसरपिन रक्तदाबासाठी वापरले जाई, पण त्याने जठरातील आम्ल वाढे, जुलाबही होत. अर्थात रेसरपिन इतर रसायनांचेही साठे रिकामे करते. दोष एकट्या डोपामिनच्या अभावाचा नव्हे.

पोटात डोपामिन लगामासारखे वागते. जठराच्या स्नायूंना चालना देणाऱ्या अॅसिटिलकोलिनचा स्राव ते रोखते. त्यामुळे अन्न पुढे सरकण्याचा वेग मंदावतो. डोम्पेरिडोन आणि मेटोक्लोप्रमाइड ही औषधे हा लगाम सैल करतात, शिवाय उलटीची भावनाही दाबतात.

फरक आहे तो मेंदूच्या वेशीवर. मेटोक्लोप्रमाइड मेंदूत शिरते. त्यामुळे क्वचित मान वाकडी होणे, हातपाय आखडणे असे त्रास उद्भवतात. कंपवाताच्या रुग्णांना ते टाळतात, कारण त्यांच्या मेंदूत मुळातच डोपामिन कमी असते. डोम्पेरिडोन मेंदूत फारसे जात नाही, मात्र हृदयाचे ठोके बिघडवू शकते. म्हणून युरोपीय औषध नियामकाने २०१४ मध्ये त्याचा वापर मळमळ व उलटीपुरता आणि साधारणतः एका आठवड्यापुरता मर्यादित केला.

भारतात हेच औषध आम्लपित्तावरील अनेक संयुक्त गोळ्यांमध्ये असते. पाकिटावर दोन नावे छापलेली असतात. ग्राहक पहिलेच वाचतो आणि 'गॅसची गोळी' म्हणून महिनोन्महिने घेत राहतो. हृदयविकार असलेल्यांनी दुसरे नावही डॉक्टरांना दाखवावे.