ओठाखालची लाल रेघ

प्रवरेकाठच्या बेलापुरात बैलाचे दात कसे बघायचे हे कुणाला शिकवावं लागत नाही. घोडेगावच्या बाजारात गिऱ्हाईक आधी जनावराचा खालचा ओठ ओढतं, मग दराचं बोलतं. दोनदाती, चारदाती, सहादाती, जुळलेला. एवढ्यावर वयाचा अंदाज येतो. त्याच घरातल्या मांजराच्या तोंडात मात्र कुणी डोकावत नाही. ‘उंदीर मारते, दूध पिते, तिच्या दातांना काय धाड भरलीय?’

आमच्या मनीच्या तोंडाला वास यायला लागला तेव्हा तिला श्रीरामपूरला डॉक्टरांकडे नेलं. सोबत शेजारच्या काकूंचा बोकाही होता. त्याचे सुळे पिवळे पडलेले, त्यामुळे काळजी काकूंनाच जास्त.

डॉक्टरांनी मनीला टॉवेलात गुंडाळलं, पण जबडा लगेच उघडला नाही. एका हाताने डोकं धरून अंगठ्याने गालाजवळचा ओठ वर सारला. मांजराला ३० दात असतात, वर १६ आणि खाली १४. त्यातही वरच्या मोठ्या दाढेकडे नजर आधी जाते, कारण लाळेची नळी तिथेच उघडते आणि कीटण तिथेच जास्त साचतं. मनीच्या दाढेवर तपकिरी थर होता आणि त्याला लागून हिरडीवर लालभडक रेघ.

“रंग दाताचा नाही, हिरडीचा बघायचा,” डॉक्टर म्हणाले.

दातावरचा मऊ थर लाळेतल्या क्षारांनी काही दिवसांत कडक होतो. मग ब्रशने तो निघत नाही. हिरडी नुसती सुजली असेल तर सफाईनंतर ती पूर्ववत होऊ शकते. पण आतलं हाड झिजलं की ते परत भरून येत नाही. मांजरात आणखी एक दुखणं आढळतं. दात विरघळत जातो आणि हिरडीजवळ गुलाबी ठिपका दिसतो. तिथे हात लागला की जबडा थरथरतो. अशा दाताला सफाईचा उपयोग नाही, तो बहुधा काढावाच लागतो. त्यातलं बरंचसं हिरडीखाली असल्याने नेमकं कळायला दातांचा एक्स-रे हवा.

मग प्रश्न सुरू झाले. एकाच बाजूने चावते का? घास तोंडातून पडतो का? लाळ गळते का? अंग चाटणं कमी झालंय का? “पण खाते की व्यवस्थित,” मी म्हटलं. दुखत असलं तरी मांजर खातं, हे तिथे कळलं. कोरडे दाणे मनी न चावता गिळत होती. ती खवय्येगिरी नव्हती.

जागेपणी कीटण खरवडता येतं, पण त्याने दिसणारा भागच स्वच्छ होतो. घाण असते हिरडीच्या आत. म्हणून पूर्ण भूल लागते. घशात नळी घालतात, म्हणजे पाणी आणि कीटणाचे तुकडे श्वासनलिकेत जात नाहीत. त्याआधी रक्त तपासून मूत्रपिंड आणि यकृताचा अंदाज घेतात. स्केलिंगनंतर दात पॉलिशही करतात, नाहीतर खरखरीत पृष्ठभागावर थर लवकर चिकटतो.

मनीची दोन्ही बाजूंची हिरडी लाल, तोंडाला वास आणि चावणं बंद. तिचं रक्त तपासणीला गेलं आणि एक्स-रेची सोय असलेल्या ठिकाणी सफाई करायचं ठरलं.

काकूंच्या बोक्याचे दात तिच्यापेक्षा पिवळे होते, पण हिरडी फिकट गुलाबी आणि घट्ट. त्याला भूल द्यायचं काही कारण नव्हतं. मांजरांसाठीची पेस्ट घेऊन मऊ ब्रश लावायची सवय करा, असं डॉक्टरांनी सांगितलं. आपली टूथपेस्ट नको, कारण मांजर ती थुंकत नाही, गिळतं.

“आणि अधूनमधून ओठ उचलून बघत जा, काकू.”

“बैलाचं बघतोच की,” काकू म्हणाल्या, “पण बैल बोचकारत नाही.”