तैनाती फौजेचा साहेब आणि हैदराबादची बेगम

(हट्टा येथील जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन)

मागच्या वेळी तैनाती फौजेबद्दल बोलत होतो, तेव्हा मागच्या रांगेतून एकांनी विचारलं होतं की, सर, हे साहेब लोक इथं वर्षानुवर्षं राहायचे, तर इथल्या बायकांशी त्यांचं काही जमायचं की नाही? तेव्हा सगळे हसले आणि विषय तिथंच राहिला. पण प्रश्न हसण्यावारी न्यायचा नव्हता. आज त्यावरच बोलू.

आपलं हट्टा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात. त्यामुळे हैदराबादची गोष्ट ही आपल्या घरचीच गोष्ट. सुरुवात होते खर्ड्यापासून. 1795 साली खर्ड्याला मराठ्यांनी निजाम अलीखानाला हरवलं, आणि इंग्रज मदतीला आले नाहीत. निजामाची भिस्त तेव्हा फ्रेंचांनी कवायत शिकवलेल्या पलटणींवर होती. इंग्रजांना त्या खुपत होत्या. 1 सप्टेंबर 1798 ला तह झाला: कंपनीच्या सहा पलटणी हैदराबादेत राहणार, त्यांचा वर्षाचा 24 लाखांहून जास्त खर्च निजाम भरणार, आणि फ्रेंच जाणार. ऑक्टोबरात फ्रेंच पलटणींची शस्त्रं उतरवली गेली, रक्त न सांडता. आता याला 'कब्जा' म्हणायचं का? निजाम गादीवर होता, शिक्का त्याचाच होता. पण शहराबाहेर फौज दुसऱ्याची आणि पगार आपला, याला दुसरा शब्द मला तरी सापडत नाही.

हे सगळं घडवून आणणारा माणूस म्हणजे जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक. जन्म 1764चा, कंपनीच्या मद्रास सैन्यातला अधिकारी, आता हैदराबादचा रेसिडेंट. फारसी उत्तम, पोशाख मुघली, हुक्का, मेहंदी, सगळं. आणि त्याच वर्षी, डिसेंबर 1798 मध्ये, एका लग्नघरात खैरुन्निसानं त्याला पडद्याआडून पाहिलं. लग्न तिच्या बहिणीचं होतं.

इथून पुढची गोष्ट बहुतेकांना सिनेमासारखी ठाऊक असते. विल्यम डॅलरिंपल यांचं 'व्हाइट मुघल्स' 2002 साली आलं, तेव्हापासून तर फारच. तिचं लग्न एका उमरावाच्या घरी ठरलेलं, ती म्हणते हाच पाहिजे. आई आणि आजी तिच्या बाजूच्या. साहेब इस्लाम स्वीकारतो, निकाह होतो. खोटं नाही यातलं काही. पण मी तुम्हाला दोन गोष्टी शेजारी ठेवून बघायला सांगेन.

एक, तिचं वय. जन्म साधारण 1786चा. म्हणजे ती तेव्हा बारा-तेरा वर्षांची आणि तो चौतिशीचा. त्या काळी मुलींची लग्नं याच वयात व्हायची, आपल्या पणज्यांचीही झाली, हे खरं. पण मग 'तिनं त्याला निवडलं' हे वाक्य किती जोरानं म्हणायचं, ते जरा थांबून ठरवा. दुसरी गोष्ट, तिचे आजोबा बाकर अली खान. ते कोण होते? याच इंग्रजी फौजेचे निजामाकडून नेमलेले बक्षी. म्हणजे ज्या फौजेच्या जोरावर साहेब हैदराबादेत बसलाय, त्या फौजेचा पगार बघणाऱ्याच्या घरची ही मुलगी. अशा घरात साहेबाला 'नाही' म्हणणं किती जणांना परवडतं?

शहरात कुजबुज झालीच. साहेबानं दांडगाई केली, असं बोललं गेलं. कंपनीनं चौकशी केली. 1801 साली तर मद्रासला फौजी अधिकाऱ्यांच्या शपथेवर साक्षी झाल्या. पण चौकशीला काळजी कशाची होती? आपला रेसिडेंट निजामाच्या लोकांत विरघळला तर नाही ना, याची. मुलीची मर्जी काय, तिच्यावर जबरदस्ती झाली का, हा मुद्दा आला तोही साहेबाच्या वर्तनाचा भाग म्हणून. तिचा स्वतःचा जबाब त्यात नाही. आपल्याला तिचं मन कळतं ते त्यानं आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रांतून. म्हणजे त्याच्याच तोंडून.

एवढं सांगूनही मी म्हणेन की माया खरी होती. तिला रेसिडेन्सीत रंगमहाल बांधून दिला, तिच्या बागेत रेसिडेन्सीची छोटी प्रतिकृती उभी केली. (हैदराबादला गेलात तर कोटीचं पूर्वीचं महिला कॉलेज बघा, तीच ती इमारत.) मुलगा 1801 सालचा, साहिब आलम. मुलगी 1802ची, साहिब बेगम. घरात दक्खनी रीत, मुघली रीत, सगळं चालू.

आणि तरी कागदावर काय आहे? त्याच्या मृत्युपत्रात तिच्याबद्दल अपार प्रेम लिहिलंय. पण त्याच ओळींत मुलांना लग्नाबाहेरची मुलं म्हटलंय. निकाह हैदराबादेत खरा. इंग्रजी कायद्यापुढे तो नव्हताच. त्यातच कंपनीनं 1791 मध्ये नियम केलेला की आई किंवा बाप हिंदुस्तानी असेल तर सैन्यात वा मुलकी खात्यात अधिकारपद नाही. मग मुलांचं भलं कशात? विलायतेत. 1805च्या सप्टेंबरात चार आणि तीन वर्षांची दोन लेकरं मद्रासहून जहाजात बसली. बाप कामानिमित्त कलकत्त्याला गेला आणि 15 ऑक्टोबरला तिथंच वारला. पुढच्या वर्षी लंडनमध्ये मुलांचा बाप्तिस्मा झाला: विल्यम जॉर्ज आणि कॅथरिन ऑरोरा. आईनं त्यांना पुन्हा कधी पाहिलं नाही. वीस वर्षांची होती ती.

आता हिंगोलीकरांनी कान द्या. विधवा खैरुन्निसा नवऱ्याच्या कबरीसाठी कलकत्त्याला गेली. तिथं तिला आधार दिला तो नवऱ्याच्याच हाताखालच्या हेन्री रसेलनं. आधाराचं प्रेम झालं. बदनामी झाली म्हणून तिला हैदराबादेत परत येऊ दिलं नाही. ती मच्छलीपट्टणला अडकून राहिली. रसेल मद्रासला गेला आणि 1808 साली त्यानं दुसऱ्याच मुलीशी लग्न केलं. पुढं 1811 ते 1820 तो हैदराबादचा रेसिडेंट. त्यानंच निजामाच्या पैशानं 'रसेल ब्रिगेड' उभी केली. तिच्यातून पुढं हैदराबाद कंटिन्जंट वाढली, आणि त्या कंटिन्जंटची एक मोठी छावणी कुठं होती? आपल्या हिंगोलीत. त्या खर्चापायी 1853 साली निजामाचा वऱ्हाड गेला, ते वेगळं व्याख्यान होईल.

खैरुन्निसा 1813 मध्ये वारली, जेमतेम सत्ताविशीत.

मुलगी मात्र राहिली. किटी म्हणायचे तिला; थॉमस कार्लाईलच्या लिखाणात ती डोकावते, पण तो भाग सोडून देतो. 1841च्या सुमारास, चाळिशीला टेकलेली असताना, तिला कळलं की हैदराबादेत आपली आजी शरफुन्निसा अजून आहे. पत्रं सुरू झाली. हिचं पत्र इंग्रजीत, तिथं ते फारसीत सांगायचं. आजीचं उत्तर फारसीत. आजीनं नातीला तिच्या आईच्या केसांची बट पाठवली. सहा वर्षं हे चाललं. दोघींची भेट झाली नाही. आजी 1847 मध्ये गेली.

आणि एक चित्र आहे. मुलं जहाजावर चढायच्या आधी जॉर्ज चिनरी या चित्रकारानं दोघांचं मोठं चित्र काढलं होतं, हैदराबादी पोशाखातलं. मुलं गेल्यावर आईजवळ राहावं म्हणून. मोठेपणी किटी इंग्लंडमध्ये एका घरी पाहुणी म्हणून गेली, तर समोर भिंतीवर तेच चित्र. ते घर हेन्री रसेलचं होतं. ती रडली, असं सांगतात. चित्र त्यानं तेव्हा दिलं नाही. 1852 साली तो मेला, तेव्हा मृत्युपत्रानं ते तिच्याकडे आलं.

(श्रोत्यांतून प्रश्न: मग हे प्रेम होतं की जुलूम?) ताई, मी दोन्ही शब्द वापरायला तयार आहे, पण एकाच माणसासाठी नाही. कर्कपॅट्रिकबद्दल मी जुलूम म्हणताना अडखळतो. रसेलबद्दल प्रेम म्हणताना अडखळतो. आणि तिला काय वाटलं असेल, ते सांगायला माझ्याकडे तिचं एक पत्र असतं तर हे व्याख्यान मी वेगळं दिलं असतं.